इंग्रजीत नसलेली ओळ

आत्या,

तुझं तेरावं गुरुवारी झालं. पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या गेल्या, गच्चीवरचा मांडव उतरला. आज रविवार. उद्या सकाळी सिलतऱ्याच्या कारखान्यात आमची भट्टी उघडेल, आठ माणसं तिच्या पोटात शिरतील, आणि त्यांनी शिरायला हरकत नाही असं सांगणाऱ्या कागदावर माझी सही असेल. दर शटडाऊनला, भट्टी बंद करून साफ करतो तेव्हा, असतेच. पण आदल्या दिवशी तो कागद घेऊन मी तुझ्याकडे यायचो. तू चष्मा पदरानं पुसायचीस, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मला छळायचीस, आणि मग मी जरा शांत होऊन घरी जायचो. आज दुपारी सवयीनं कागद उचलला, चपला घातल्या, तुझ्या दारापर्यंत गेलो आणि कुलूप बघून परत आलो.

मला भीती वाटते आहे. हे सरळ लिहितो, कारण ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही. वैशालीला सांगितलं तर ती म्हणते सुट्टी टाका. सुट्टी टाकली तर दुसरा कोणी सही करेल, आणि तो काही विचारणार नाही. तू असं म्हणाली नसतीस. तू विचारलं असतंस, कशाची भीती, नीट वाक्यात सांग.

तुझं सगळं असंच होतं. नीट वाक्यात सांग. समोरच्या खोलीतला तो काळा फळा, त्याखाली इंग्रजीच्या शिकवणीला आम्ही दहा-बारा जण चटईवर, आणि तू खडू आपटत उभी. बाकीच्या मास्तरांनी आम्हाला शिकवलं होतं की ‘इफ’ दिसलं की वाक्य अटीचं. तू पहिल्याच दिवशी फळ्यावर इफ नसलेली वाक्यं लिहिलीस. ‘विदाउट वॉटर द प्लांट विल डाय.’ ‘वन मोर स्टेप अँड यू विल फॉल.’ आणि म्हणालीस, यातली अट शोधा. आम्ही इफ शोधत बसलो. मी तर चक्क म्हणालो की यात अट नाहीच. तू माझ्या डोक्यात खडू मारलास.

“काहून रे नंदू, इफ नाही दिसला म्हणून अट नाही का? इफ पाहून अट ओळखणारा पोट्टा परीक्षेत पास होते. पण लोकं काय रोज इफ लावून बोलतेत?”

मग तू घरातलीच उदाहरणं काढलीस. माझ्या आईचं, आणखी एकदा दार आपट आणि बघ. शेजारच्या साहूकाकांचं, मुलाच्या जागी मी असं कधी बोललो नसतो. प्रत्येकात एक अट दडलेली. ती काढून, तिला इफ लावून, फळ्यावर पूर्ण लिहायची. आम्हाला तो खेळ वाटायचा. पुढे माझं पोट त्यावरच चालेल हे तुलाही तेव्हा ठाऊक नसणार.

कारखान्यात मी सेफ्टी खात्यात लागलो तेव्हा तुला वाटलं मी चौकीदार झालो. मग मी तुला पहिलं परमिट दाखवायला आणलं. भट्टी म्हणजे एक आडवा, फिरणारा, आत दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा लोखंडी नळा. तो थंड करून आत माणसं जातात, चिकटलेला थर फोडतात. आत जो गॅस साचतो त्याला ना वास ना रंग. म्हणून परमिट. ते इंग्रजीत यायचं आणि आत जाणारी माणसं धरसिंव्याकडच्या गावांतली, छत्तीसगढी बोलणारी, हिंदीसुद्धा अडखळत वाचणारी. मी म्हटलं, आत्या, याचं हिंदी करून दे. तू तो कागद वाचलास, परत वाचलास, आणि चहा ठेवायला विसरलीस.

मग बोट ठेवलंस त्या ओळीवर. ‘एंट्री परमिटेड विथ ब्लोअर.’ आत हवा फेकणाऱ्या पंख्याबद्दलची ओळ. मी म्हटलं, सोपी आहे, ब्लोअर लावून आत जावे. तू म्हणालीस, या ‘विथ’च्या पोटात दोन अटी आहेत. एक, चालू असेल तरच जा. आणि दुसरी, जी कोणी लिहिलीच नाही. तू तुझ्या त्या गोलगोल अक्षरात हिंदीत दोन ओळी लिहिल्यास. ‘ब्लोअर चलता रहे तभी अंदर जाएँ. ब्लोअर बंद हो तो बिना पूछे बाहर आएँ.’

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणालो, दुसरी ओळ मूळ इंग्रजीत नाहीच, भाषांतरात वाढवता येत नाही. तू म्हणालीस, “वाक्यात नाही, अर्थात आहे.” मी म्हणालो ‘बिना पूछे’ तर अजिबातच नाही. तू म्हणालीस, “आत उभा असलेला माणूस ठेकेदाराले विचारल्याशिवाय पाणी पीत नाही. तो बाहेर कसा येईन?” तासभर वाद झाला. शेवटी मी कागद घडी करून खिशात घातला आणि बघतो म्हणालो. ते भांडण संपलंच नाही, आणि ते का संपलं नाही हे तुला मी कधी सांगितलं नाही.

आता सांगतो.

मी ती ओळ काढली, आत्या. फॉर्म एका पानात बसवायचा होता, तो प्लास्टिकच्या कव्हरात घालून भट्टीपाशी टांगायचा असतो. तुझं हिंदी दीड ओळीनं जास्त होत होतं. इंग्रजीत नाही तीच ओळ काढणं मला अगदी नियमात बसणारं वाटलं. तुला दाखवायला मी तुझ्या हातचा कागद आणायचो, ओळ असलेला. कारखान्यात टांगलेला वेगळा.

तीन वर्षांपूर्वीच्या शटडाऊनला लाइट गेली. ब्लोअर थांबला. आत सहा जण होते. त्यांना ब्लोअर थांबल्याचं कळलं, आवाज बंद झाला की कळतंच. पण भनपुरीपासून सिलतऱ्यापर्यंत लाइट रोजच पाच-दहा मिनिटं जाते आणि येते. बाहेर या असं कोणी म्हणालं नव्हतं. ते हातोडे खाली ठेवून आत बसून राहिले. धनीराम सगळ्यात खोल होता. तो बसल्या जागी आडवा झाला. दोरीनं ओढून काढला तेव्हा त्याचे ओठ कसे होते ते मी आजही लिहू शकत नाही. जगला. पण त्याचा हात अजून थरथरतो, आणि ओळखीच्या माणसाचं नाव आठवायला त्याला वेळ लागतो. आता तो गेटवर ट्रकांसाठी आडवा दांडा वरखाली करतो. मी रोज त्याच्या समोरून आत जातो. तो थरथरता हात कपाळाला लावतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो होतो. तू गच्चीवरची काळी धूळ झाडत होतीस, ‘तुझी फॅक्टरी माझ्या गच्चीवर येऊन राहिली’ हे तुझं रोजचं बोलणं. मी सगळं सांगितलं. तू झाडू भिंतीला टेकवलास आणि एवढंच विचारलंस, ओळ लिहिली होती ना? मी म्हणालो, लिहिली होती, त्यांनी वाचली नाही.

मी त्या घाबरलेल्या अवस्थेत बडबडत होतो, लाइट गेली नसती तर असं झालं नसतं, धनीराम पुढं बसला असता तर त्याला काही झालं नसतं. तू मला थांबवलंस.

“तिसऱ्या प्रकारची अटीची वाक्यं मले सांगू नको. होऊन गेल्यावरची वाक्यं सगळ्यांलेच येतेत. पहिल्या प्रकारचं सांग. उद्या लाइट गेली तर?”

मग तू जे म्हणालीस ते माझ्या उरात आजही रुतून आहे. तू म्हणालीस, चूक माझी आहे. मले वाटलं लिहिलं की झालं. लिहून होत नाही, म्हणवून घ्यावं लागते. आणि तू मला पद्धत बांधून दिलीस. आत जाणाऱ्या प्रत्येकानं, शिरण्याआधी, आपल्या बोलीत सांगायचं की काय झालं तर तो काय करणार. मान हलवणं चालणार नाही. इथलं ‘हव’, म्हणजे नुसतं हो, तर अजिबात चालणार नाही.

हव वर तुझा फार राग. इथला माणूस कोणाला दुखवायचं नाही म्हणून हव म्हणतो. दुधवाला हव म्हणतो आणि येत नाही. तुझ्या वर्गातली पोरं हव म्हणायची आणि पेपर कोरा. “हव म्हणजे आयकलं. समजलं का, ते विचारावं लागते,” असं तू सगळ्या पाऱ्याला, गल्लीभर, सांगत सुटायचीस. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, सिस्टर तुला म्हणाली, अम्मा, कुछ लगे तो घंटी बजाना. तू नळ्या लावलेल्या हातानं तिचा हात धरलास आणि विचारलंस, और घंटी ना बजे तो? ती हसली. मी घंटी दाबून पाहिली. वाजतच नव्हती. त्या अवस्थेतही तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद होता, आत्या, तसा मी दहावी पास झालो तेव्हाही नव्हता.

म्हणवून घ्यायची पद्धत मी पाळली. लोक हसले, ठेकेदार चिडला, साहेब म्हणाले वेळ जातो. पण तीन वर्षांत आत कोणी पडला नाही. तू पाऱ्यातल्या बायकांना अभिमानानं सांगायचीस की नंदूच्या फॅक्टरीत माझी पद्धत चालते. ती पद्धत माझ्या खोटेपणातून निघाली होती. मी खरं बोललो असतो तर तू ओळ परत घालायला लावली असतीस आणि गोष्ट तिथंच थांबली असती. मी खोटं बोललो म्हणून तू स्वतःला चूक ठरवलंस आणि त्याहून चांगलं काही शोधून काढलंस. यासाठी तुझे पाय धरावेत की तोंड लपवावं हे मला कळत नाही. दोन्ही करावंसं वाटतं आणि तू समोर नाहीस.

आणि फोन. शटडाऊनच्या दिवसांत बरोबर सहाला तुझा फोन यायचा. हालहवाल नाही, काही नाही.

“किती गेले?”

“सहा.”

“किती आले?”

“सहा.”

“जेवला का?” आणि उत्तर ऐकायच्या आत तू फोन ठेवायचीस. मला कधीकधी लाज वाटायची, बाजूला साहेब बसलेले असायचे. आता कळतं की मी दिवसभर त्या सहाच्या फोनसाठी माणसं मोजत होतो. तुला एक आकडा गेलेल्यांचा आणि तोच आलेल्यांचा सांगता यावा, एवढ्यासाठी. उद्या सहाला कोणी विचारणार नाही. कोणी विचारणार नाही म्हटल्यावर मी मोजीन का? माझी भीती ही आहे. गॅसची तर आहेच, पण त्याहून जास्त ही. मी तोच माणूस आहे ज्यानं एका पानासाठी ओळ काढली. तुझा डोळा नसताना मी परत तोच होईन अशी मला धास्ती वाटते.

काल शनिवारी मी साहेबांकडे गेलो. तुझी ओळ फॉर्मवर घालायची आहे म्हणालो. ओळ आता घातली तर ते विचारतील आधी का नव्हती, याच भीतीनं मी तीन वर्षं गप्प होतो. त्यांनी ते विचारलंच नाही. त्यांनी इंग्रजी कागद काढला आणि विचारलं, ओरिजिनल में यह लाइन कहाँ है? अगदी माझा प्रश्न, माझ्याच सुरात. मी तुझं उत्तर दिलं. वाक्य में नहीं है सर, मतलब में है. त्यांनी तो कागद परत ठेवला. म्हणाले, फॉर्म बदलायला मंजुरी लागते, महिना जाईल, सध्या जुनाच लावा. मी आज घरी ती ओळ वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिली आहे. उद्या फॉर्मखाली टाचून लावीन. अक्षर तुझ्यासारखं गोल काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

चार वेळा कागद तपासून झाला. हेल्मेट दारापाशी ठेवलं आहे. वैशाली जेवायला बोलावते आहे.

*

सोमवार, संध्याकाळ.

आत्या, सकाळी गॅस तपासला, ठीक होता. ओळ टाचली. ठेकेदारानं वाचली आणि मान उडवली. मग आठ जणांना उभं केलं आणि एकेकाला विचारू लागलो. तीन जणांनी नीट सांगितलं. चौथा मनराखन. चाळिशीचा, यंदाच आलेला, खाली बघून बोलणारा. मी त्याला विचारलं, काय समजलं सांग. तो हव म्हणणार म्हणून मी आधीच कंटाळलो होतो. खरं सांगतो, मनात आलं की एक हव जाऊ दे.

तो म्हणाला, “मोला समझ नइ आइस साहब.”

मला समजलं नाही. इतक्या वर्षांत, आत्या, त्या भट्टीच्या तोंडाशी हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. बाकीचे हसले. मी परत सांगितलं, हळू, ब्लोअरकडे बोट दाखवून. तो ब्लोअरची हवा आणणाऱ्या पाइपाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “अउ हवा एती आतेच नइ होही त?”

आणि हवा इकडे येतच नसेल तर? ब्लोअर तर चालू होता, घुमत होता. मी कंटाळून मॅनहोलपाशी, भट्टीत शिरायच्या भोकापाशी, हात धरला. हातावर काही लागेना. पाइप पुढं वळवून दुसऱ्या कामावर लावलेला होता. सकाळी कोणीतरी नेला होता. गॅस बघितला, ब्लोअरचा आवाज ऐकला, आणि हवा कुठं जाते आहे ते मी बघितलंच नव्हतं. मी तिथंच एका ड्रमवर बसलो. पाइप परत लावून गॅस पुन्हा तपासायला पाऊण तास गेला. ठेकेदार ओरडत होता. मी सही केलेला कागद फाडला आणि नवा लिहिला.

मग आठ जण गेले. मी दिवसभर मॅनहोलपासून हललो नाही. जेवलो नाही, हेही सांगतो, तू विचारलं असतंस.

सहाला फोन वाजला नाही. मी मोजत होतो. मनराखन शेवटचा बाहेर आला, तोंड काळं, डोळे तेवढे पांढरे.

आठ गेले, आत्या. आठ आले.

निघताना गेटवर थांबलो. ट्रक नव्हते, धनीराम एकटाच होता. मी स्कूटर बंद केली आणि त्याला सांगितलं. कागदावर एक ओळ होती, लाइट गेली तर न विचारता बाहेर या अशी, ती मी काढली होती, तुम्ही वाचली नाही असं मी सगळीकडे सांगितलं, ते खोटं होतं. हिंदीत सांगितलं, मग मोडक्या छत्तीसगढीत परत सांगितलं. तो ऐकत होता. त्याचा हात दांड्याच्या दोरीवर थरथरत होता.

तो म्हणाला, “हव.”

तुझ्या पद्धतीनं मी तिथं थांबायला हवं होतं. काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग, असं म्हणवून घ्यायला हवं होतं. मी तोंड उघडलं, आत्या, आणि माझी हिंमत झाली नाही. त्यानं दांडा वर केला आणि मी बाहेर पडलो.